टोकं बांधलेली, पोट मोकळं

बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास भरते. मॉडेल रेल्वेच्या छंदात जगभर सर्वांत जास्त चालतं ते १:८७ हे प्रमाण. त्या प्रमाणात ही लोकल केली तर तिची लांबी होते साधारण साडेनऊ फूट. कुर्ल्याच्या जुन्या चाळीतली खोली दहा बाय दहाची. गाडी खोलीत मावते, यात वाद नाही. पण ती एका भिंतीला टेकून सुटणार आणि दुसऱ्या भिंतीला टेकून थांबणार, मध्ये अर्ध्या फुटाचा प्रवास. त्याहून लहान, १:१६० हे प्रमाण घेतलं तर लोकल पाच फुटांवर येते. जरा बरं वाटतं. तरीही तिला स्टेशन हवं, स्टेशनाला यार्ड हवं, गाडी परत फिरायला वळण हवं, आणि घरातल्या माणसांना रात्री अंथरूण घालायला जागा हवी.

या अडचणीवर १९७३-७४ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही छांदिष्टांनी तोड काढली. जिम फिट्झजेराल्ड आणि बेन डेव्हिस ही त्यांतली पुढची नावं, आणि त्या तोडीचं नाव एन-ट्रॅक. कोणीही घरात अख्खी रेल्वे मांडायची नाही. प्रत्येकाने चार फूट बाय दोन फुटांचा एकच तुकडा करायचा, खाटेखाली सरकवून ठेवायचा आणि जमायच्या दिवशी हॉलवर आणायचा. तिथे तुकड्याला तुकडा लावत गेलं की संध्याकाळपर्यंत दीड-दोनशे फुटांची रेल्वे उभी राहते, आणि ती कोणा एकाची नसते. त्या मंडळींच्या घरांत जागा आमच्यापेक्षा पुष्कळ असणार, पण कल्पना मात्र कुर्ल्याच्या खोल्या पाहून सुचल्यासारखी आहे.

या तुकड्याला सगळे मोड्यूलच म्हणतात. त्याच्या नियमांचा कागद वरवर पाहिला तर सुताराला द्यायच्या मापांची यादी वाटते. मला तो रचनेचा नमुना म्हणून वाचायला आवडतो. त्यातलं बंधन फक्त डाव्या आणि उजव्या टोकाला आहे. तिथे रूळ कुठे असावेत, जमिनीपासून किती उंच असावेत, खालच्या तारा कशा जोडाव्यात, हे सगळं ठरलेलं. मधल्या चार फुटांत डोंगर करा, धरण करा, कुर्ला करा. कागद त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्या ओवीची घडण अशीच असते: पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळलं पाहिजे, चरण किती लांबवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. एवढ्याशा बंधनावर नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. बंधन टोकाला असलं की आत बरंच काही मावतं.

आता ते टोक जवळून पाहू. समोरच्या कडेपासून चार इंचांवर पहिला मार्ग, साडेपाचावर दुसरा, सातावर तिसरा. मापं रूळजोडीच्या मध्यापर्यंतची. पहिल्याचं नाव लाल, दुसऱ्याचं पिवळा, तिसऱ्याचं निळा. लाल आणि पिवळा हे मुख्य मार्ग, निळा हा फाट्याचा. दोन मार्गांमध्ये दीड इंच, म्हणजे १:१६० च्या हिशोबाने खऱ्या जगातले सहा मीटर. तिन्ही मापं समोरच्या कडेपासून घेतली आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. समोरची कड ही बघणाऱ्याची. रेल्वे तिच्या जवळून जाणार, आणि तिच्यामागे उरलेल्या सतरा इंचांत ज्याचा त्याचा मुलूख. अगदी मागे उभी फळी, तिच्यावर आकाश रंगवलेलं. म्हणजे एन-ट्रॅकचा तुकडा हा रंगमंच आहे, त्याला पुढची बाजू आहे आणि विंग आहे. पुढे १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातच फ्री-मो नावाची दुसरी रीत आली. तिने आकाशाची फळी काढून टाकली, एकच मार्ग ठेवला आणि तो टोकाच्या फळीच्या बरोबर मध्यातून नेला. तिथे बघणारे दोन्ही बाजूंनी उभे राहतात. माप कुठून घेतलं एवढ्यावरून प्रेक्षक कुठे उभा आहे हे कळावं, ही मला चांगल्या रचनेची खूण वाटते.

उंचीचा नियमही असाच बोलका. रूळ जमिनीपासून चाळीस इंचांवर, आणि प्रत्येक पायाला तळाशी बोल्ट, जो फिरवून पाय एक इंचभर वर-खाली करता यावा. शाळेच्या हॉलची फरशी सपाट नसते हे हा बोल्ट गृहीत धरून चालतो. पाणसळ ठेवायची, बोल्ट फिरवायचा, शेजाऱ्याच्या पातळीला यायचं. जमिनीबद्दल तक्रार करत बसण्यात कोणाचाही वेळ जात नाही.

पण या कागदातली माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे टोकाशी सोडलेला अडीच इंचांचा रिकामा पट्टा. रूळ कडेपर्यंत आणायचेच नाहीत. डाव्या कडेच्या अडीच इंच अलीकडे ते संपतात, उजव्या कडेच्याही. दोन तुकडे एकमेकांना भिडवून क्लॅम्पने आवळले की मध्ये पाच इंचांची पोकळी राहते, आणि ती भरायला पाच इंचांचा सुटा रूळ येतो. हा रूळ ना डावीकडच्याचा, ना उजवीकडच्याचा. तो पिशवीतून निघतो, दोघांच्या रुळांत सरकवला जातो आणि संध्याकाळी परत पिशवीत जातो. सगळी गाडी त्या उसन्या पाच इंचांवरून पलीकडे जाते.

हे असं का, ते सुतारकाम केलेल्याला लगेच कळतं. दोन घरांत, दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या गुण्यांवर कापलेल्या फळ्या काटेकोर जुळत नाहीत. दोन फुटांच्या आडव्या फळीत एका मिलिमीटरचा तिरपेपणा राहिला, तर चार फूट पुढे गेल्यावर तो दोन मिलिमीटर होतो, आणि सगळे बाकीचे तुकडे सरळ असले तरी दहाव्या तुकड्यापाशी रेल्वे दोन सेंटिमीटर भरकटलेली असते. रूळ कडेपर्यंत आणले असते तर पहिल्याच सांध्यावर नऊ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून चाक उतरलं असतं. पाच इंचांचा सुटा तुकडा किंचित वाकतो, किंचित तिरपा बसतो आणि तो दोष पोटात घेतो. नियम लिहिणाऱ्यांनी माणसाच्या हाताची चूक आधीच धरून तिच्यासाठी जागा राखली. जर्मनीत १९८१ साली सुरू झालेल्या फ्रेमो मंडळींनी उलट वाट घेतली: टोकाची फळी यंत्रावर कापलेली, भोकं ठरल्या जागी, बोल्टने आवळायचं, रूळ थेट कडेपर्यंत. कामाचा नेटकेपणा पाहावा तो त्यांचा. मला मात्र अडीच इंच सोडणारे जास्त जवळचे वाटतात. त्यांनी नव्या माणसाला, ज्याच्याकडे धड करवतही नाही, आत येऊ दिलं.

या अडीच इंचांवर एक सुंदर उत्तर २००० नंतर आलं, आणि तेही त्याच घरातून. जिम यांच्या पत्नी ली मोनॅको-फिट्झजेराल्ड यांनी जपानमध्ये टेबलावर मांडायचे छोटे तुकडे पाहिले आणि त्यावरून टी-ट्रॅक ही रीत बेतली. इथे तुकडा म्हणजे पेटी: लांबी ३०८ मिलिमीटर, उंची ७० मिलिमीटर, पाय नाहीत. तिच्यावर जपानी काटो कंपनीचे, खडीसकट साच्यात काढलेले रूळ बसतात, आणि त्या रुळांची लांबी ३१० मिलिमीटर. म्हणजे रूळ पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर बाहेर डोकावतात. एन-ट्रॅकमध्ये लाकूड लाकडाला भिडतं आणि रूळ मागे थांबतात; टी-ट्रॅकमध्ये रूळ रुळांना भिडतात आणि लाकूड मागे थांबतं. टक्कन आवाज करत सांधा बसतो, आणि दोन पेट्यांमध्ये पातळ फट राहून जाते. कापताना पेटी जराशी वाकडी झाली तरी बिघडत नाही, कारण ती शेजारणीला टेकतच नाही. एका मिलिमीटरने एवढं काम केलेलं मी इतर कुठल्या नियमात पाहिलेलं नाही.

तारांचं सांगायचं तर थोडक्यात: प्रत्येक मार्गाच्या खालून दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत जातात, त्यांना शेजाऱ्याच्या तारा प्लगने जुळतात, आणि जागोजागी बारीक तारा वर रुळांना जोडलेल्या असतात. रुळातून वीज शेवटपर्यंत पोहोचेल या भरवशावर कोणी राहत नाही. वाट वेगळी, वीज वेगळी. कुर्ल्यात राहणाऱ्याला हे नवं नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली आणि हार्बरच्या वाटेने आली ती कुर्ल्याला. त्या दिवशी देशातल्या विजेच्या रेल्वेचं एक टोक इथे होतं. ती वीज १५०० व्होल्टची, एकदिश. नव्वद वर्षं तिच्यावर मुंबई चालली. मग मध्य रेल्वेवर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. मुख्य मार्गावर २०१५ मध्ये काम पुरं झालं, हार्बरवर २०१६ मध्ये. मधली काही वर्षं एकाच वाटेवर दोन जातींच्या विजा होत्या, त्यांच्यामध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा, आणि त्याखालून गाडी आपल्या वेगाच्या जोरावर पलीकडे जायची. ज्याने ही हद्द ओलांडताना डब्यातले दिवे गेलेले आणि पंखे मंदावलेले अनुभवले आहेत, त्याला दोन मोड्यूलांमधली मोकळी जागा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

खरं तर कुर्ला हा स्वतःच एक सांधा आहे. १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी इथून ठाण्याकडे गेली. १९१० मध्ये रे रोडकडून येणारा हार्बरचा फाटा इथे येऊन जुळला. १९२८ मध्ये तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेहून, कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची एक रेल्वे निघाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. तिची आठवण म्हणजे सीएसटी रोड. त्या नावातला सीएसटी बोरीबंदरचा नव्हे, या सहा वर्षांच्या रेल्वेचा. आज त्याच रस्त्याला भंगार, फर्निचर आणि गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, आणि मोड्यूलसाठी लागणारी प्लायची कापीव फळी, दोन बाय एकच्या पट्ट्या, स्क्रू, जुन्या यंत्रातली तार हे सगळं त्याच टापूत चालत-चालत मिळतं. रूळ गेले तिथे रूळ मांडायचं सामान मिळतं म्हणायचं.

सामानावरून आठवलं, कॅलिफोर्नियाच्या त्या कागदात जून महिना नाही. तिथल्या कोरड्या हवेत अर्धा इंच प्लायची चौकट वर्षानुवर्षं सरळ राहते. इथे पहिल्या पावसातच फळी पाणी ओढून फुगते, रूळ मात्र फुगत नाहीत, आणि मग मार्ग बिघडतो. म्हणून आपल्याकडे वॉटरप्रूफ प्लाय घ्यावी, आणि वरच्या बाजूइतकंच खालच्या बाजूला, कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना वार्निश द्यावं. कडा सगळेच विसरतात आणि पाणी कडांतूनच शिरतं. हा नियम कुठल्या कागदात नाही. तो मुंबईच्या सुतारांना विचारावा.

आता मुख्य प्रश्न. कुर्ल्याचं मोड्यूल करायचं तर कुर्ल्यातलं काय घ्यायचं? चार फूट म्हणजे १:१६० मध्ये १९५ मीटर. बारा डब्यांच्या गाडीचा फलाटसुद्धा त्यात पुरा बसत नाही. म्हणजे स्टेशन म्हणून स्टेशन करता येणार नाही, काहीतरी कापावं लागणार. इथेच मोड्यूल करणारा सुतार राहत नाही, त्याला संपादक व्हावं लागतं. मार्गांचं गणित मात्र अनपेक्षितपणे जमतं. लाल आणि पिवळा हे मुख्य मार्गाचे, निळा फाट्याचा म्हणजे हार्बरचा. खरे मार्ग याहून पुष्कळ जास्त आहेत: धीमे, जलद, पाचवा-सहावा, लोकमान्य टिळक टर्मिनसकडे वळणारे, कारशेडकडे जाणारे. ते सगळे मांडायचा मोह टाळावा. तीन मार्ग आणि त्यांच्यावर आडवा जाणारा पादचारी पूल एवढं दिसलं की मुंबईच्या माणसाला कुर्ला ओळखता येतो, कारण आमच्या मनात कुर्ला फलाटावर नसतो, पुलावर असतो. मुख्य मार्गावरून उतरायचं, जिना चढायचा, पुलावरून हार्बरकडे वळायचं. मी कागदावर आखून पाहिलं तेव्हा पूल मध्यावर न ठेवता डाव्या तिसऱ्या भागात ठेवला. फलाट उजव्या टोकाला मध्येच तुटू दिले. तुटलेला फलाट बघणाऱ्याला सांगतो की पुढे अजून आहे, आणि शेजारच्या मोड्यूलवाल्याने मनावर घेतलं तर त्याने तो पुढे न्यावा. टी-ट्रॅकच्या पेट्या घेतल्या तर हा खेळ अधिक रंगतो. एक पेटी म्हणजे ४९ मीटर, दोन डबे आणि वर थोडं. पाच-सहा घरांनी मिळून एकच फलाट करावा, एकाच्या वाट्याला बायकांचा डबा, एकाच्या वाट्याला लगेजचा, एकाच्या वाट्याला पाणपोई. त्यातला जो आळशी असेल त्याने छप्पर न टाकता नुसता उन्हातला फलाट करावा, तसाही कुर्ल्यात तो असतोच.

वरच्या तारांचं काय? विजेच्या रेल्वेचा चेहरा म्हणजे आडव्या लोखंडी कमानी, चार-सहा मार्गांना एकाच वेळी ओलांडणाऱ्या. त्या पितळी पट्टीत किंवा प्लॅस्टिकच्या कांड्यांत होतात. तार मात्र १:१६० मध्ये केसाहून बारीक हवी, आणि दोन मोड्यूलांच्या मध्ये ती दरवेळी तोडून जोडायची. माझं मत असं की कमानी कराव्यात, तार गाळावी. बघणाऱ्याची नजर ती तार आपणच ओढून घेते. रूळही पुरते खरे नसतात. भारताचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, १:१६० मध्ये तो साडेदहा मिलिमीटर हवा; बाजारातला मार्ग नऊचा. काही काटेकोर जण या दीड मिलिमीटरवर रात्री जागवतात. जागवू द्यावं. हॉलमधल्या मुलाला ते दिसत नाही, त्याला गाडीचा जांभळा-पांढरा रंग चुकला तर लगेच दिसतं.

खरी कसोटी लागते ती गर्दीत. मॉडेल रेल्वेच्या छायाचित्रांतले फलाट पाहा: एक बाई, एक सूटकेस, बाकावर पेपर वाचणारा गृहस्थ, टोकाला एक कुत्रा. युरोपातल्या कारखान्यांतून येणाऱ्या चिमुकल्या माणसांचे खोके उघडले की त्यांत हीच मंडळी निघतात, फारतर एखादी नन. अशी माणसं कुर्ल्याच्या फलाटावर उभी केली तर तो पहाटे तीनचा कुर्ला होईल, तेही रेल्वे बंद असताना. मुंबईच्या लोकलच्या गर्दीला रेल्वेचे अधिकारी जो शब्द वापरतात तो म्हणजे सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली चौदा ते सोळा माणसं. १:१६० मध्ये चौरस मीटर म्हणजे सव्वासहा मिलिमीटर लांब-रुंद चौकोन, नखावर मावेल एवढा. एका प्लॅस्टिकच्या माणसाच्या खांद्यांनाच तीन मिलिमीटर लागतात. सोळा माणसं त्यात बसत नाहीत, कितीही दाबा. म्हणजे लघुरूपात कुर्ल्याची खरी गर्दी शक्यच नाही. प्लॅस्टिकची माणसं आमच्याइतकी आकसत नाहीत.

मग काय करायचं? जे चित्रकार करतो ते. सगळी गर्दी दाखवायच्या फंदात न पडता दारं दाखवायची. गाडी उभी असेल तर डब्याच्या दारात माणसांचा एक घट्ट गोळा, वेगवेगळ्या शर्टांच्या रंगांचा, त्यात तोंडं न काढलेली. बाहेर दोन हात, एक लोंबती बॅग. डब्याच्या आत काळोख, खिडक्यांत रंगांचे ठिपके. फलाटावर माणसं सारखी पसरायची नाहीत. रोज येणाऱ्याला दार कुठे थांबतं ते ठाऊक असतं, म्हणून फलाटावर रिकामी जागा आणि घोळके अशी आलटून-पालटून रचना असते. हा पट्टा बरोबर पडला तर चाळीस माणसांत चारशेंचा भास होतो. आणि पुलाच्या जिन्यावर उतरणाऱ्यांची रांग डावीकडे नि चढणाऱ्यांची उजवीकडे अशी शिस्तीत मांडली, तर कुर्ल्याचा माणूस तिथल्या तिथे म्हणेल, हे आमचं स्टेशन नव्हे.

एकट्याने केलेल्या रेल्वेची गोष्ट वेगळी, आणि तिचा सर्वांत चांगला दाखला महाराष्ट्रातच आहे. कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडलं. ते उभारणारे भाऊ जोशी आधी, १९८० च्या दशकात, आपली रेल्वे उचलून नेता येईल अशी करून पुण्यात तिचं प्रदर्शन मांडत. कायमची जागा पुढे मिळाली. संग्रहालयात तुम्ही बसता, दिवे मंदावतात, लघुशहरात रात्र होते, घरांतले दिवे लागतात. डोंगरावर दोरीने ओढली जाणारी गाडी आहे, वरून लोंबकळत जाणारी रेल्वे आहे, सर्कशीचा तंबू आहे. कोणती गाडी केव्हा सुटावी, कोणता दिवा केव्हा विझावा, हे एका डोक्याने ठरवलेलं असल्यामुळे तिथे सुरुवात, चढ आणि उतार असतो, नाटकासारखा. ती कादंबरी आहे, तिला लेखक आहे. मोड्यूल जोडून केलेल्या रेल्वेत असा चढउतार येत नाही. तिथे एकाचं पाणी शेजाऱ्याच्या कडेला येऊन अचानक थांबतं, एकाकडे रात्र तर दुसऱ्याकडे भर दुपार. तो दिवाळी अंक आहे: संपादकाने पानांचा आकार तेवढा ठरवून दिला, बाकी ज्याचा त्याचा मजकूर. कोथरूडची रेल्वे पाहून माणूस भारावतो. मोड्यूलांची रेल्वे पाहून त्याला वाटतं, एक तुकडा आपणही केला असता.

आणि या तुकड्याची शेवटची परीक्षा हॉलमध्ये नसते, वाटेत असते. चार बाय दोनची फळी, तिच्यावर उभ्या कमानी, ती कुर्ल्याहून दादरला न्यायची कशी? टॅक्सीच्या डिकीत बसत नाही. लगेजच्या डब्यात मात्र बसते, भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्यांच्या शेजारी, दुपारच्या गाडीने. म्हणून कमानी सुट्या करता याव्यात, पूल खाचेत बसवून काढता यावा, आणि दोन मोड्यूलं समोरासमोर तोंड करून, मध्ये फळकुटं ठोकून एकच खोका व्हावा. रचना करताना वजनाचा विचार शेवटी करतात ते फसतात. कुर्ल्याच्या जिन्यावरून जी फळी एका माणसाला न धापता नेता येत नाही ती जाडीला चुकलेली आहे. याच कारणासाठी मी शेवटी टी-ट्रॅकच्या पेटीकडे वळतो, सौंदर्यात ती एन-ट्रॅकच्या मागे आहे हे माहीत असून. पेटी खांद्याच्या पिशवीत जाते, माळ्यावर राहते, आणि घरातलं कोणी तिच्याबद्दल कुरकुरत नाही.

हॉलमध्ये पोहोचल्यावर शेजार कोणाचा मिळेल, ते तुमच्या हातात नसतं. जोडणी करणारा वळणं आणि लांबी पाहून तुकडे लावतो. त्यामुळे कुर्ल्याच्या उजवीकडे बर्फातलं आल्प्स येऊ शकतं, डावीकडे टेक्सासचं तेलक्षेत्र. काही मंडळी यावर उपाय म्हणून सांगतात की कडेच्या दोन-तीन इंचांत सगळ्यांनी एकसारखं हिरवं गवत करावं, म्हणजे डोळ्याला धक्का बसत नाही. मला हे पटत नाही. कुर्ल्यात धक्के कमी आहेत का? मिठी नदीपलीकडे काचेचे मनोरे, अलीकडे पत्र्याची छपरं, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीला लागून मॉल. गवत लावलं तर उलट खोटं दिसेल. कडेच्या इंचभर पट्ट्यात मी रेल्वेची दगडी कुंपणभिंत घेईन, तिला चुन्याचे ओघळ, एका जागी माणूस जाईल एवढं भगदाड, आणि पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत कोणा वैद्यबुवांची जाहिरात. आल्प्सकडून बर्फ झाडत येणाऱ्या गाडीला कुर्ल्यात शिरताना पहिलं दिसावं ते हेच: मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन इलाज, स्टेशनसमोर.